नावाच्या जागी छत्री

आमच्या डिपार्टमेंटच्या दारावर चार पाट्या होत्या आणि चारही ताईनेच ठोकलेल्या. सगळ्यात वर पितळेची, जर्मनमध्ये 'स्त्री-संशोधन'. तिच्याखाली 'स्त्री आणि लिंगभाव संशोधन'. त्याखाली 'जेंडर स्टडीज'. आणि अगदी खाली, वरचं पातळ प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली, 'जेंडर आणि डायव्हर्सिटी'. नाव बदललं की आधी जुनी पाटी काढायची असते, असं बिल्डिंग सांभाळणाऱ्या माणसाने तिला दर वेळी सांगितलं होतं म्हणे. ती दर वेळी 'जा, जा' म्हणून मान हलवायची, त्याच्याच हातातला स्क्रू-ड्रायव्हर घ्यायची आणि नवी पाटी जुनीच्या खाली बसवायची. आता पाचवीला जागा कुठाय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, "दार मोठं करू."

थांबा, आधी ती कोण ते सांगते. कोलोनमध्ये युनिव्हर्सिट्या आणि कॉलेजं बरीच आहेत, त्यातली आमची कुठली ते राहू दे. ताई तिथल्या आमच्या डिपार्टमेंटमध्ये कागदोपत्री सेक्रेटरी होती, पण खरं म्हणजे तळमजल्यावरची लायब्ररी तिची होती. तीन खिडक्या, छतापर्यंत शेल्फं, मधे एक लांब टेबल, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरून थेट आत यायचं दार. त्यामुळे युनिव्हर्सिटीशी काही संबंध नसलेली बाईसुद्धा सरळ येऊन बसू शकायची. आणि यायच्या. ताई मूळची सोलापूरची. लग्न करून इथे आली, नवरा इथलाच, ट्राम चालवायचा, आता रिटायर. मी आले तेव्हा तिच्या रिटायरमेंटला सहा-सात महिने राहिले होते.

मी नागपूरची. मास्टर्स करायला आले आणि तिच्याकडे हिवी म्हणून लागले. हिवी म्हणजे शिकता शिकता डिपार्टमेंटची बारीकसारीक कामं करणारा विद्यार्थी. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले होते, ओळखी होतील म्हणून. वीस मिनिटांत तीन जणांनी आडनाव विचारलं. तिघांनीही उत्तरानंतर तेच केलं, एक सेकंद थांबले, अच्छा अच्छा म्हणाले आणि मोदक चांगले झालेत का विचारलं. ज्यांना हे कधी झालं नाही त्यांना तो एक सेकंद कळणार नाही. ज्यांना झालंय त्यांना पुढे सांगायची गरज नाही.

ताईने विचारलं नाही. माझा फॉर्म समोर होता, तो उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "टायपिंग येतं?"

खूप फास्ट येतं म्हणाले.

"ते दिसतंयच. बोलतेस पण तसंच. पुस्तकाचा कणा शिवता येतो?"

नाही म्हणाले.

"मग ते शीक. बोलणं कमी होईल."

तिला काय म्हणायचं हा प्रश्नच होता. मी काकू म्हणाले तर म्हणाली, तुझ्या काकाला मी पाहिलेलं नाही. मॅडम म्हणाले तर मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. शेवटी ताईवर आलो. पण ताई आणि तू, तुम्ही नाही. इथे प्रोफेसरला पण डू, म्हणजे तूच म्हणतात, आणि मला तुम्ही म्हणून एकटीलाच म्हातारी करायचा विचार आहे का, असं तिचं म्हणणं. आणि हीच बाई नवऱ्याला अहो म्हणायची! सहा फुटी गोरा माणूस, कोलोनचं जर्मन बोलणारा, त्याला फोनवर "अहो, येताना ब्रेड आणा" हे पूर्ण मराठीत. त्याला म्हणे लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटायचं की अहो म्हणजे डार्लिंगसारखं काहीतरी असणार. म्हणून तोही तिला अहोच म्हणायचा. खरा अर्थ कळल्यावरही दोघांनी बदललं नाही. एकदा तो लायब्ररीत तिची विसरलेली छत्री द्यायला आला, दारातून हाक मारली, "अहो!" आणि ती "काय हो?" म्हणाली. मी टेबलाखाली वाकून हसले.

तिची कॉफीची गोष्ट डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना पाठ होती. ती नवीन लागली तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये एका वयस्कर प्रोफेसरने, पुरुष, दुसऱ्या विषयाचा, तिला कॉफी करायला सांगितली. म्हणजे बायकांच्या अभ्यासाचं डिपार्टमेंट कसं चालवायचं याची मीटिंग, आणि कॉफी कोण करणार तर नवीन आलेली साडीतली बाई. तिने आतून मशीन उचलून आणलं, त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं, पावडर ठेवली, पाणी ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, मला अजून जर्मन नीट वाचता येत नाही, बटणं दाखवाल का? त्याने दाखवली. कॉफी झाली. पुढच्या आठवड्यात परत मशीन त्याच्यासमोर. विसरले म्हणाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पण विसरली. असं ती एक अख्खं सेमिस्टर विसरत राहिली, आणि मग त्याला सवयच लागली. रिटायर होईपर्यंत तोच करायचा. चांगली करायचा म्हणे.

आणि टायचं. कोलोनमध्ये कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी बायका कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात, हे इथे सगळ्यांना चालतं. ताई त्या दिवशी फक्त वरच्या मजल्यावर जायची. डीनचं ऑफिस, प्लॅनिंगचं ऑफिस, रेक्टरची मीटिंग. कापलेले तुकडे घेऊन खाली यायची, त्यांना इस्त्री करायची आणि पुस्तकांत खूण म्हणून घालायची. आमच्या लायब्ररीत बाळंतपणावरच्या पुस्तकात कुठल्यातरी डीनचा निळा सिल्कचा टाय असायचा.

पण मला सांगायचंय ते नावांचं.

आमच्या लायब्ररीत पुस्तक न्यायला नाव लागायचं नाही. कार्ड नाही, ओळखपत्र नाही, काही नाही. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या खिशात एक जाड कागदाचा तुकडा असायचा, त्यावर पुस्तकाचं नाव. पुस्तक घरी नेलं किंवा इथेच वाचायला बाजूला ठेवलं की तो कागद काढायचा, त्यावर तारीख टाकायची आणि नावाच्या जागी आपलं एक चित्र काढायचं. ज्याला जे येईल ते. मग तो कागद लाकडी पेटीत. पुस्तक परत आलं की कागदावरची ओळ खोडरबराने पुसून टाकायची. ताई लोकांना चित्रांनीच ओळखायची. मासा आज लवकर आला. छत्रीची परीक्षा आहे. किल्लीला सर्दी झालीय, तिला आल्याचा चहा दे. मी पहिले दोन आठवडे वेड लागल्यासारखी फिरत होते, हे सगळं इंस्टाग्रामवर टाकायला हवं असं मला सारखं वाटायचं. ताईने फोन काढू दिला नाही.

पुस्तकं परत यायची का? यायची. काही यायची नाहीत. त्याबद्दल ती म्हणायची, गेलं ते कुणालातरी जास्त लागत असेल.

आता एक दिवस मला पेटीत कुकर दिसला. खरंच, प्रेशर कुकर! शिट्टी, हँडल, वर वाफेच्या तीन रेघा, सगळं. जर्मन बाई असलं चित्र काढूच शकत नाही, मी उडालेच. पुढच्या मंगळवारी मी दबा धरून बसले आणि दहा वाजता ती आली. तिशीची असेल, मरून रंगाचं जॅकेट, कोपऱ्यातली खिडकी. मी सरळ जाऊन मराठीत म्हणाले, कुकर तुमचा का? ती एवढी दचकली की पुस्तक मिटलं. म्हणाली, घरी हीटिंग कमी असतं म्हणून येते, नुसती बसायला. हळूहळू बोलायला लागली. कराडची होती, नवऱ्याच्या नोकरीवर इथे आलेली, मुलगी किटात म्हणजे बालवाडीत, तिला बाराला आणायचं असायचं. मंगळवार, गुरुवार, दहा ते साडेअकरा. काय वाचते ते मी एकदा तिच्या खांद्यावरून बघितलं, तर ताईने मला आतल्या खोलीत बोलावून झापलं. दुसऱ्याच्या पुस्तकात बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात बोट घालणं, असं म्हणाली. पण माझं बघून झालं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका वेगळ्या झाल्या तर त्यांना इथे राहता येतं का, त्याचं पुस्तक होतं.

त्याच हिवाळ्यात वरून पत्र आलं. ताई रिटायर झाली की तिची पोस्ट जाणार, हे तर आधीच ठरलं होतं. आता खोली पण जाणार होती. तिथे बीनबॅग आणि लॅपटॉपचे सॉकेट असलेली मोकळी जागा करायची होती. लायब्ररी ठेवायची असेल तर ती किती वापरली जाते त्याचे आकडे द्या. कोण येतं, किती वेळा, कुठल्या कोर्सचे, बाहेरचे किती.

आमची प्रोफेसर चांगली बाई होती, दमलेली पण चांगली. ती दर नव्या पाटीच्या वेळी वर जाऊन भांडून यायची आणि दर वेळी काहीतरी घालवून यायची. ती खाली येऊन ताईच्या समोर बसली आणि म्हणाली, काहीतरी दे मला, एक यादी दे, मी बाकीचं बघते. ताईने लाकडी पेटी पुढे केली. पेटीत मासे, छत्र्या, किल्ल्या. प्रोफेसरने कपाळाला हात लावला. अंदाजे आकडे तरी लिही, असं म्हणाली. ताई म्हणाली, खोटे आकडे वरच्या मजल्यावर तयार होतात, आपण कशाला करायचे.

मला ताईचा इतका राग आला. म्हणजे लायब्ररी वाचवायला एक यादी लागतेय आणि ही बाई हट्ट धरून बसलीय! मग मी ठरवलं, आपण करू. रविवारी बसले, ऑनलाइन फॉर्म केला, नाव, ईमेल, तुम्ही लायब्ररी का वापरता. स्टुडंट्सच्या ग्रुपवर टाकला, घर शेअर करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण. तिथे कुणी लक्ष देणार नाही असं वाटलं, म्हणून सोबत कुकरच्या कागदाचा फोटो टाकला. लिहिलं, बघा, आपल्यातलंच कुणीतरी इथे येतं, ओळखा कोण! पाच मिनिटांत हसण्याचे इमोजी. एका काकूंनी लिहिलं, आमच्या बिल्डिंगमधली एक छोटी किटात सारखा कुकरच काढते, आईने शिकवलाय म्हणे. खाली दुसऱ्या कुणीतरी त्या छोटीच्या बाबांना टॅग केलं, "वहिनी का?" मी पण हसण्याचा इमोजी टाकला.

हो, मी टाकला.

सोमवारी फॉर्म भरभरून आला होता. मी प्रिंट काढून पळत ताईकडे गेले. नावं, ईमेल, लोकांनी किती छान छान लिहिलं होतं. आणि गंमत म्हणून तिला तो ग्रुप पण दाखवला. ताईने चष्मा लावला, फोन हातात घेतला. तिने यादीकडे बघितलंच नाही. ती फोटोकडे बघत होती.

"कागदावर पुस्तकाचं नाव आहे," ती म्हणाली.

होतं. वर, स्वच्छ, ताईच्याच अक्षरात. मी इतका वेळ फक्त कुकर बघत होते.

मी डिलीट केलं. पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं. डिलीट करायच्या आधीच वाचणाऱ्यांच्या यादीत छोटीच्या बाबांचं नाव आलं होतं. मंगळवारी ती आली नाही. गुरुवारी आली नाही. कोपऱ्यातल्या खिडकीत सगळा आठवडा कुणीच बसलं नाही, का कोण जाणे.

मला वाटलं ताई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला सुई-दोरा दिला, एक फाटलेलं पुस्तक दिलं, समोर बसवलं, आणि आम्ही बराच वेळ शिवत बसलो. मग तिने सांगितलं. आधी इथे पण वही असायची. नाव, पत्ता, पुस्तक, सही. टेबलावर उघडी. ती कामाला लागून थोडेच महिने झाले होते. एक माणूस आला. चांगला कोट, टोपी हातात, बोलायला एकदम सभ्य. बायकोने नेलेलं पुस्तक परत करायचंय, कुठलं ते जरा बघतो म्हणाला.

"मग?"

"मी वही फिरवून त्याच्यासमोर ठेवली. एवढा नीट बोलत होता गं."

तीच म्हणाली, "ती परत आली नाही. तिचं काय झालं मला माहीत नाही. वहीत अजून तिच्या नावावर पुस्तक आहे."

त्या दिवशी ट्राममध्ये मला तो गणपतीतला एक सेकंद आठवला. नाव विचारतात तेव्हा दारात उभं राहून काय वाटतं हे जिला माहीत आहे, तिने दुसऱ्या बाईला अख्ख्या ग्रुपसमोर ओळखा म्हणून उभं केलं. मलाच हे कळायला हवं होतं. ताईच्या आधी मला.

दुसऱ्या दिवशी तिने मला फॉर्म उडवायला लावला, तिच्यासमोर, कॉम्प्युटरवरच्या कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. प्रिंट काढलेले कागद मी मशीनमध्ये घालून बारीक केले. मी म्हणाले, ताई, आता आपल्याकडे वर न्यायला काहीच नाही. म्हणाली, गेनाऊ, म्हणजे बरोब्बर.

आणि खरंच रिकाम्या हाताने गेली. मी टिपणं घ्यायला सोबत होते. टेबलापलीकडे तीन माणसं, प्लॅनिंगचा मुख्य मधे, सायकलचं हेल्मेट बॅगेला लटकवलेलं, अगदी नम्र. आमच्या प्रोफेसरने छान मांडणी केली, तिने रात्रंदिवस काम केलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग ताईकडे वळला. म्हणाला, तुम्हाला नावं नको असतील तर मी समजू शकतो, पण नक्की कोण येतं हे तुम्हाला स्वतःला तरी माहीत आहे का?

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "म्हणूनच सांगत नाही."

त्यावर तो म्हणाला की मग त्यालाही काही करता येणार नाही. आणि त्याने केलं नाही. खोली सेमिस्टरच्या शेवटी द्यायची, पुस्तकं सेंट्रल लायब्ररीत जाणार. सेंट्रल लायब्ररीत म्हणजे कार्ड, नाव, पत्ता, घरी मेल, उशीर झाला तर घरी पत्र. आमच्या प्रोफेसरला जिन्यात रडू आलं. मला पण. ताईला नाही. ती म्हणाली, भूक लागलीय, आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बटाट्याचं सूप प्यायली. मग मला सेंट्रल लायब्ररीची नियमावली प्रिंट करायला सांगितली. लोक कादंबऱ्या वाचतात तशी ही बाई नियम वाचायची, पाय वर घेऊन, मधेमधे हसत.

तिसऱ्या दिवशी तिला सापडलं. इथल्या लायब्रऱ्यांमध्ये काही पुस्तकांना प्रेझेन्स म्हणतात. ती घरी न्यायची नाहीत, तिथेच बसून वाचायची. त्यांच्या कण्यावर लाल ठिपका असतो. आणि रीडिंग रूममध्ये बसून वाचायला कार्ड लागत नाही, नाव लागत नाही, कुणीही रस्त्यावरून आत जाऊ शकतं. आणि कुठल्या पुस्तकावर ठिपका लावायचा हे, नियमाप्रमाणे, पुस्तकं देणारं डिपार्टमेंट ठरवतं.

"सगळ्यांवर," ताई म्हणाली.

मी म्हणाले, अगं पण मग कुणाला घरीच नेता येणार नाही! इतकी वर्षं तू सगळं घरी नेऊ दिलंस.

"ज्यांना घरी नेता येतं, त्यांना दुसरीकडून पण मिळेल. ज्यांना नेता येत नाही, त्यांना बसायला जागा पाहिजे."

मग आम्ही ठिपके लावले. आल्झो, म्हणजे काय सांगू, किती लावले विचारू नका. माझ्या बोटांवरचा डिंक आठवडाभर जायचा नाही. ताई खिडकीत बसून लावायची, प्रत्येक पुस्तक उघडून, त्याचा आतला किंवा पेटीतला कागद काढून, राहिलेली चित्रं खोडून. मासा गेला, किल्ली गेली. कुकरचा कागद तिने माझ्या हातात दिला. मी खोडला. शिट्टीपासून सुरुवात केली, वाफ शेवटी. टायचे तुकडे मात्र तिने आतच राहू दिले. नियमात त्याबद्दल काही नव्हतं. मदतीला येणाऱ्यांना तिने दुसरं काम दिलं, छत्रीला खोकी बांधायला, मासा चहा करायचा. ठिपक्यांना माझ्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. ही शिक्षा होती की विश्वास, मी विचारलं नाही.

यादीच्या प्रत्येक पानावर प्रोफेसरची सही लागायची. तिने पहिलं पान वाचलं, प्रत्येक ओळीपुढे प्रेझेन्स, प्रेझेन्स, प्रेझेन्स. वर बघितलं. सेंट्रलवाले माझ्यावर चिडतील, असं म्हणाली. ताईने तिला स्वतःचं पेन दिलं. तिने सगळ्या पानांवर सह्या केल्या, आणि मला वाटतं त्या वर्षात तिने पहिल्यांदाच काहीतरी न घालवता केलं. सेंट्रलवाले चिडलेच. पण नियम त्यांचाच होता.

शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण नाही, फुलं नाहीत, ताईने आधीच बजावलं होतं. चारही पाट्या तिने स्वतः काढल्या. बिल्डिंगवाला शिडी धरून उभा होता, आणि अखेर पाट्या निघतायत तर त्यालाच कसंतरी झालं होतं. प्रत्येकीच्या खाली दाराचा रंग वेगळा निघाला.

आता ती पुस्तकं सेंट्रल लायब्ररीच्या तळमजल्यावर एका रीडिंग रूममध्ये आहेत आणि मला तिथल्या डेस्कवर काम मिळालंय, आठवड्यातून तीन दिवस. काम सोपं आहे. खाऊ नका, हळू बोला, पुस्तक टेबलावर ठेवून जा. ताई मंगळवारी येते, वाचक म्हणून. पुढच्या टेबलावर बसते, पाय वर घेता येत नाहीत म्हणून कुरकुरते. मला नमस्कार करत नाही. आधी वाईट वाटायचं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मरून जॅकेट आत आलं. माझ्या समोरून गेली, मागच्या शेल्फांच्या पलीकडे, जिथे डेस्कवरून दिसत नाही. मला उठून तिचा हात धरायचा होता, सॉरी म्हणायचं होतं, सगळं सांगायचं होतं. ताईने पुस्तकातून वर बघितलं आणि डोळ्यांनीच खाली बसवलं. बाहेर पडताना पायऱ्यांवर म्हणाली, "माफी मागायला तिला ओळखावं लागेल. तू ओळखतेस?"

मी म्हणाले, नाही.

"मग झालं."

आणि मागच्या आठवड्यात तो आला. मी मंडळाच्या पिकनिकला त्याला बघितलं होतं. मुलीला खांद्यावर घेऊन फिरणारा, सगळ्यांच्या प्लेटी उचलणारा. चांगला माणूस असेलही, मला खरंच माहीत नाही. अकरा वाजून गेले होते.

"अगं, तू इथे असतेस होय! बरं झालं," तो म्हणाला. "आमची ही येते का गं इथे? फोन लागत नाहीये. काही नाही, सहज."

मी म्हणाले, सांगता येणार नाही, इथे कोण येतं ते आम्ही लिहीत नाही.

"लिहीत नसाल. पण तू बघतेस ना?"

नाही म्हणाले.

"ओळखतेस तर तू तिला."

मी आयुष्यात एवढी कमी कधी बोलले नसेन. तोंडात शब्द येत होते, तिच्या बाजूचे, त्याच्या बाजूचे, माझी बाजू मांडणारे, आणि मी ते एकेक गिळत होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या टेबलावर ताई. मंडळात ताईला कोण ओळखत नाही? तो वळून तिच्याकडे एक पाऊल टाकतो न टाकतो तोच ताईने चष्म्यावरून बघितलं आणि कडक जर्मनमध्ये, जणू जन्मात मराठी ऐकलं नाही अशा आवाजात, इथे लोक वाचतायत म्हणून सांगितलं. मग पान उलटलं.

तो परत माझ्याकडे आला. आवाज खाली आणला, अगदी नम्र. "मग मी जरा आत जाऊन बघू का?"

"आत वाचायला जाता येतं," मी म्हणाले. "कुठलं पुस्तक हवंय तुम्हाला?"

मी कॉम्प्युटरवर पुस्तक शोधायची खिडकी उघडली, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबले, तो सांगेपर्यंत थांबायची माझी तयारी होती, बारा वाजेपर्यंत, पाच वाजेपर्यंत.

"राहू दे," तो म्हणाला.

दार बंद झालं. थोड्या वेळाने मागे कुठेतरी खुर्ची सरकली. कुणाची ते बघायला मी वळले नाही.